२८२ गुणांच्या पलीकडे

१९०७ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत एल्फिन्स्टन हायस्कूलच्या एका विद्यार्थ्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. शेकडेवारी काढली तर ती ३८ सुद्धा भरत नाही. आज अशी गुणपत्रिका नाव झाकून एखाद्या शाळेच्या शिक्षकसभेत ठेवली तर काय होईल, हे मी गेली अनेक वर्षे शिक्षकसभांना बसत आलो असल्याने सांगू शकतो. कोणी म्हणेल, मुलगा जेमतेम आहे. कोणी म्हणेल, याला एखाद्या कामधंद्याच्या शिक्षणाकडे वळवावे. पुढच्या गुणपत्रिकेकडे वळायला आम्हांला अर्धे मिनिटही लागणार नाही.

तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढील सोळा वर्षांत ते कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथील शिक्षण पुरे करून आले, आणि त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत त्यांनी या देशातील कोट्यवधी माणसांचे जीवन बदलले. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे. जयंतीच्या व्यासपीठावर ते आपण दरवर्षी ऐकतो. परंतु शाळेच्या या स्मरणिकेत ते मला एका वेगळ्या प्रश्नाच्या उजेडात मांडायचे आहे. हायस्कूलमधल्या मुलाचे यश ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांपैकी किती गोष्टी गुणपत्रिकेत उतरतात? आणि ज्या उतरत नाहीत, त्या मोजायच्या कशा?

शिक्षणशास्त्रात यांना अ-बोधात्मक घटक म्हणतात. स्मरणशक्ती, आकलन, तर्क हा झाला बुद्धीचा भाग. त्याबाहेर राहतात त्या चिकाटी, अभ्यासाच्या सवयी, स्वतःवरचा विश्वास, ही शाळा माझी आहे ही भावना, पुढे काय व्हायचे याची कल्पना आणि घरच्यांचा आधार. योगायोग असा की, भीमराव मुंबईत हायस्कूलमध्ये शिकत होते त्याच काळात, १९०५ साली, पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने थिओडोर सिमों यांच्या साहाय्याने मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली व्यवहार्य मापनश्रेणी तयार केली. परंतु शाळेतील यशाला बुद्धीखेरीज अवधान, इच्छाशक्ती आणि सातत्य लागते, हे बिने यांनीच थोड्या वर्षांत लिहून ठेवले. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे या समजुतीलाही त्यांनी विरोध केला. पुढे जगाने त्यांची मापनश्रेणी उचलली आणि त्यांचा इशारा मात्र बाजूला ठेवला.

साताऱ्याच्या शाळेतील गोणपाट

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले होते. या एका गोष्टीचे मोल मोठे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर वर्ज्य होते, त्या समाजातील या मुलाच्या घरात प्रत्यक्ष शिक्षक होता.

निवृत्तीनंतर रामजी दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. भिवा पाच वर्षांचा असताना आई गेली. मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्याचे नाव दाखल झाले. शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

वर्गात भिवाची जागा ठरलेली होती. इतरांपासून दूर, कोपऱ्यात. बसायला गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी परत घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिक्षकाची परवानगी घ्यायची, मग शिपायाने नळ सोडायचा आणि भिवाने पाणी प्यायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. गावातील न्हावी केस कापीत नसे. घरी थोरली बहीण भावांचे केस कापी.

अशा मुलाच्या हाती आजची एखादी प्रश्नावली दिली असती तर? या शाळेत मी आपलेपणाने वावरतो. माझे शिक्षक मला समजून घेतात. मी न घाबरता प्रश्न विचारतो. अशा विधानांपुढे भिवाने कोणता आकडा लिहिला असता, हे सांगायला संशोधक नको. पण त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, येथे खरा प्रश्न सुरू होतो. आपलेपणाची भावना कमी, असा शेरा त्या मुलाच्या नावावर पडला असता. वास्तविक तो शेरा नळाच्या, गोणपाटाच्या आणि शिपायाच्या नावावर पडायला हवा होता. मोजमाप मुलाचे होते, पण दोष परिस्थितीचा असतो. हा भेद ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मोजपट्टी देणे धोक्याचे आहे.

१९०१ सालचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुटीत मुलांना त्यांनी बोलावून घेतले. नवे कपडे घालून घरातील मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊ केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. ती रात्र मुलांनी पाण्याविना काढली. जवळ शिदोरी होती, पण पाण्याविना घास गिळता येईना. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर हा प्रसंग कायमचा कोरला गेला. शाळेत अस्पृश्यता होती हे भिवाला आधीही ठाऊक होते. तिचा खरा अर्थ या प्रवासाने शिकवला.

त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुटीत हा मुलगा जेवायला दूर घरी जातो हे पाहून ते आपल्या डब्यातील भाजीभाकरी त्याला रोज देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या गुरुजींनी त्यांना पत्र पाठवले आणि ते पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले. जातीने उभारलेल्या एवढ्या मोठ्या भिंतीत भाकरीचा तो तुकडा म्हणजे एक लहानशी खिडकी होती. शाळेत आपल्याकडे माणूस म्हणून पाहणारा निदान एक माणूस आहे, हे मुलाला कळणे किती महत्त्वाचे असते, हे आम्ही शिक्षक फार सहज विसरतो.

अर्ध्या आण्याचा निश्चय

आता जो प्रसंग सांगतो, तो जयंतीच्या भाषणांत फारसा येत नाही. बाबासाहेब लहानपणापासून अखंड अभ्यासात बुडालेले होते असे चित्र आपण रंगवतो. ते खरे नाही. साताऱ्यात भिवाचे अभ्यासात मन नव्हते. खेळ, भांडणे, हट्ट यांतच त्याचा वेळ जाई. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि आईच्या जागी दुसरी स्त्री आलेली त्याला सोसवेना. आता बापाच्या अन्नावर राहायचे नाही, स्वतः मिळवायचे, असे त्याच्या मनाने घेतले. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागल्याचे त्याने ऐकले होते. आपणही पळून जाऊन गिरणीत काम करावे, असे त्याने ठरवले.

मुंबईच्या भाड्यासाठी पैसे हवे होते. आत्या कमरेला पैशांची पिशवी खोचून झोपत असे. तीन रात्री भिवाने ती पिशवी काढण्याचा प्रयत्न केला आणि तीनही रात्री तो फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. उघडून पाहिली तर आत अवघा अर्धा आणा. तेवढ्यात मुंबई गाठणे शक्यच नव्हते. ज्या आत्याने आपल्याला वाढवले तिच्याच पिशवीला आपण हात घातला, याची लाज वाटली. आणि त्या चार रात्रींच्या चलबिचलीतून एक निराळाच निर्धार उभा राहिला. पळायचे नाही. नीट अभ्यास करायचा, एकामागून एक परीक्षा उरकायच्या आणि लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. त्यानंतर भिवाच्या वागण्यात एवढा फरक पडला की शिक्षकांनी वडिलांना, मुलाला शक्य तितके शिकवा, असा सल्ला दिला.

स्वावलंबनाची जी ओढ त्याला गिरणीकडे नेत होती, तीच ओढ दुसऱ्या दिवशी पुस्तकाकडे वळली. शक्ती तीच, दिशा बदलली. म्हणूनच कोणत्याही एका दिवशी घेतलेले चिकाटीचे मोजमाप शेवटचे मानता येत नाही. चौथ्या रात्रीपूर्वी या मुलाची चिकाटी कोणी मोजली असती तर आकडा तळाशी आला असता, आणि वर्षभराने मोजली असती तर तीच मोजपट्टी अपुरी पडली असती. बुद्धी दोन्ही वेळी तीच होती.

चाळीतील एक खोली

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळ भागातील डबक चाळीत राहायला आले. घर म्हणजे एकच खोली. तीत संसाराची भांडी, चुलीचा धूर, माणसांची दाटी आणि जोडीला एक शेळीही. या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, शांतता नव्हती. तेव्हा रामजींनी एक तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर निजायचे. आपण मध्यरात्र उलटेपर्यंत जागायचे. दोनच्या सुमारास मुलाला उठवायचे आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण आडवे व्हायचे. भिवा पहाटेपर्यंत मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यास करी. एका माणसाच्या झोपण्याइतकी जागा बापलेकांनी रात्रीच्या दोन भागांत वाटून घेतली होती.

बाबासाहेब रोज पहाटे दोनला उठून अभ्यास करीत असे आपण मुलांना सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु त्यांना उठवण्यासाठी दोन वाजेपर्यंत कोण जागे होते, हे सांगायचे राहून जाते. मुलाची चिकाटी म्हणून जी गोष्ट आपण मोजतो, तिच्यात बापाची जाग मिसळलेली असते.

पुस्तकांचीही तीच कथा. रामजींचे निवृत्तिवेतन महिना ५० रुपये. भिवाला वाचनाचे वेड लागले आणि तो नव्या नव्या पुस्तकांचा हट्ट धरू लागला. हाती पैसे नसत तेव्हा रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवून परत करीत. त्या काळी भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा दागिना काढून देणाऱ्या त्या बहिणींचे नाव कोणत्याही गुणपत्रिकेवर नाही. आपल्या समाजातील कितीतरी पदव्यांवर अशा बहिणींची अदृश्य सही आहे.

एल्फिन्स्टन हे सरकारी हायस्कूल होते, शहर मुंबई होते, तरी जात वर्गात होतीच. एकदा शिक्षकांनी गणित सोडवण्यासाठी भीमरावांना फळ्यापाशी बोलावले. त्यासरशी वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. त्यांच्या स्पर्शाने ते बाटू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. त्यानंतर भीमरावांनी गणित सोडवले. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण ती वाट बंद होती. नाइलाजाने फारशी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतली.

२८२ हा आकडा आता पुन्हा पाहावा. ते गुण खोटे नव्हते. परीक्षेत जे उतरले ते तेवढेच होते. परंतु किती उंचीवर पोहोचला याबरोबर किती खोलातून चढला हे सांगणारा रकाना गुणपत्रिकेत नव्हता. तो आजही नाही.

बागेत भेटलेले गुरुजी

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तेथे येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांचे लक्ष या मुलाकडे गेले. त्यांनी विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा समाजाने त्यांचा सत्कार घडवून आणला. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते. त्या सभेत केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्या वाटेवरचे पहिले पाऊल शोधू गेल्यास ते या भेटीपाशी सापडते.

या सभेकडेही मला शिक्षक म्हणून पाहावेसे वाटते. ३८ टक्क्यांसाठी सभा भरवणारा तो समाज अडाणी नव्हता. त्याला गुणांचा भाव कळत होता, आणि त्या गुणांमागे कोणता पल्ला मारला गेला आहे तेही कळत होते. आपल्यासारख्यांपैकी एकजण हे करू शकतो, ही जाणीव सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या शेकडो मुलांना त्या सभेने दिली. पुढे केळूसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण चालू राहिले. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. मध्यरात्री जागणारा तो माणूस मुलाचे पुढचे यश पाहायला राहिला नाही.

सागरापार

१९१३ च्या जुलैमध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांना प्रथमच अशी जागा मिळाली, जेथे बसताना गोणपाट न्यावे लागत नव्हते. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन अशा थोर अध्यापकांच्या वर्गांत ते बसले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय त्यांनी झपाटल्यासारखे अभ्यासले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर त्यांनी आपला निबंध वाचला. मुलगा तोच आणि मेंदूही तोच. बदलली होती ती भोवतालची हवा. शाळेतील आपलेपणा ही काही हळवी कल्पना नाही, हे सातारा आणि न्यूयॉर्क या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उमगते.

तेथूनच त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. आईबाप मुलाला केवळ जन्म देतात, नशीब देत नाहीत, ही समजूत सोडून द्यावी; आईबाप मुलांचे भवितव्य घडवू शकतात, आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवले तर प्रगती वेगाने होईल, असा त्याचा आशय होता. दोन वाजता उठवणाऱ्या बापाचा मुलगा दुसरे काय लिहिणार?

पुढचा काळ कसोटीचा होता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. ज्या जहाजातून त्यांची पुस्तके येत होती ते युद्धात बुडाले. बडोद्यात नोकरीसाठी गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीतून बाहेर पडावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, अर्धपोटी राहून रात्री पुन्हा वाचन करायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. १९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तोवर पैसे संपल्याने ते मुंबईला आले होते. येथून त्यांनी तो सुधारून पाठवला आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली.

या चिकाटीची किंमत मुंबईत रमाईंनी मोजली. तुटपुंज्या पैशांत घर चालवणे, आजारपणे, पोटच्या लेकरांचे मृत्यू, हे सारे त्यांनी सोसले. चिकाटी हा एकट्या माणसाचा गुण मानून मोजणाऱ्यांनी रमाईंकडे पाहावे.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी

स्वतः जे भोगले त्याचे बाबासाहेबांनी काय केले? चरित्राचा हा भाग आपल्या शाळेशी सर्वांत जवळचा आहे. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या आरंभी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. ज्याने चाळीच्या खोलीत झोपण्याची जागा वाटून घेतली होती, त्याने आधी मुलांच्या निजण्याची, जेवणाची आणि दिव्याची सोय केली. सभेने मुंबईत मोफत वाचनालय काढले, तरुणांना व्यसनांपासून दूर ठेवण्यासाठी हॉकी क्लब काढला. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सरस्वती विलास नावाचे मासिक चालवले. आज ज्याला आपण अभ्यासाची सवय, संघभावना, आत्मविश्वास अशी नावे देतो, ते घडवण्याची ही साधने होती. बाबासाहेबांनी मुलांमध्ये हे गुण आहेत की नाहीत ते तपासत बसण्याऐवजी ते गुण उगवतील अशी जमीन तयार केली.

१९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची पुन्हा निरक्षर होतात. बाबासाहेब मोजमापाचे विरोधक नव्हते. ते अर्थशास्त्रज्ञ होते आणि आकड्यांचे बळ जाणत होते. परंतु ८२ मुले गळाली हा मुलांच्या चिकाटीचा पराभव आहे असे त्यांनी मानले नाही. तो राज्याच्या खर्चाचा आणि धोरणाचा हिशेब आहे, असे त्यांनी मांडले. आकडा कोणाला उत्तरदायी धरण्यासाठी वापरायचा, हे ठरवणे ही नैतिक निवड आहे, आणि ती त्यांनी डोळसपणे केली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे राहिले, जे पुढे मिलिंद नावाने ओळखले जाऊ लागले. नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावे म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. संस्थांची नावेच काय सांगायचे ते सांगतात. एक नाव शोधासाठी घर सोडणाऱ्याचे, दुसरे नाव न भिता प्रश्न विचारणाऱ्या राजाचे.

बाबासाहेबांनी आपली तीन उपास्य दैवते सांगितली ती विद्या, स्वाभिमान आणि शील. यांपैकी परीक्षेला फक्त पहिले बसते. शीलाविना विद्या शस्त्रासारखी आहे, ती कोणाच्या हाती आहे यावर तिचे भलेबुरे ठरते, असे ते तरुणांना बजावीत.

आपल्या हातातील मोजपट्टी

अलीकडे शाळाशाळांतून अ-बोधात्मक घटकांच्या चाचण्या येऊ लागल्या आहेत. विद्यार्थ्याने स्वतःविषयीची विधाने वाचायची आणि एक ते पाच यांतील आकडा निवडायचा. हेतू चांगला आहे. गुणांपलीकडचे मूल पाहू या, असे कोणी म्हणत असेल तर आपण आनंदाने साथ द्यावी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, मूल स्वतःला मोजते ते शेजाऱ्याशी तुलना करून. शिस्तीच्या वसतिगृहात पहाटे पाचला उठणारी मुलगी, चारला उठणाऱ्या मैत्रिणीकडे पाहून, मी आळशी आहे असे लिहिते. आणि जेथे कोणीच अभ्यास करीत नाही तेथे अर्धा तास बसणारा मुलगा स्वतःला पाचपैकी पाच देतो. अशा दोन आकड्यांची तुलना व्यर्थ असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चिकाटी कमी, असा शिक्का एकदा बसला की तो पुसत नाही. जन्मावरून शिक्का मारण्याची रीत आपण हजारो वर्षे भोगली आहे. प्रश्नावलीच्या रूपाने तीच रीत मागच्या दाराने येऊ नये.

हे मी दुसऱ्यांना उपदेश म्हणून लिहीत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नववीच्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी सलग तीन वेळा, अभ्यासात लक्ष नाही, असा शेरा मारला. चौथ्या वेळी शेरा मारायला तो वर्गात नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की बाप अंथरुणाला खिळला होता आणि हा मुलगा रात्री वीटभट्टीवर कामाला जात होता. वर्गात त्याला येत असे ती झोप होती. माझे मोजमाप अचूक होते, लक्ष खरोखरच नव्हते. पण मी कशाचे मोजमाप करतो आहे हे मला कळले नव्हते. तो परत आला नाही. इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करून, डबक चाळीतील ती रात्र विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवूनही, माझ्याच वर्गातील चाळ मला दिसली नाही.

तेव्हापासून प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्यापूर्वी मी स्वतःला काही प्रश्न विचारतो. या मुलाला रात्री बसायला जागा आहे का? त्याला उठवणारे कोणी आहे का? त्याच्या पुस्तकासाठी कोणी दागिना काढून दिला आहे का? शाळेत त्याच्याशी भाकरी वाटून खाणारा एक तरी माणूस आहे का? तो बागेत एकटा वाचत बसला तर थांबून चौकशी करणारा कोणी आहे का? ही माझी प्रश्नावली. तिची उत्तरे मुलाने द्यायची नाहीत, आपण द्यायची आहेत.

निवासी शाळेला ही उत्तरे देणे शक्य असते. येथे दिवा आहे, पंगत आहे, सकाळची वंदना आहे, गावाकडून आलेल्या मुलाला कुशीत घेणारी मोठ्या वर्गातील मुले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपली गुणपत्रिका काढून पाहावी आणि तिच्यावर न छापलेली नावे आठवावीत. पालकांनी निकालाच्या दिवशी मुलाला गुण विचारण्यापूर्वी तो किती चालून आला ते पाहावे. आणि समाजबांधवांनी ३८ टक्क्यांसाठीही सभा भरवण्याचे आपल्या आजोबा-पणजोबांचे शहाणपण विसरू नये. कोणाच्या २८२ गुणांमागे काय दडले आहे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

जय भीम.